अजून एक हिसका

चाकाचे नट आवळायला शिकावं लागत नाही, ते आपल्याला जन्मतःच येतं. ज्याच्या मनगटात जोर आहे त्यानं मनगट वापरावं, ज्याच्या नाही त्याला पाय दिलेले आहेत. तरीही गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक मिळतं आणि त्यात चाक बदलण्यावर चार-पाच पानं खर्च केलेली असतात. ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीसकट डॅशबोर्डच्या कप्प्यात तसंच राहू द्या. पीयूसीच्या जुन्या पावत्या त्याच्यावर छान सपाट राहतात.

पंक्चर शक्यतो एक्सप्रेसवेवर आणि उजव्या बाजूचं होऊ द्या, म्हणजे नट खोलताना तुमची पाठ वाहत्या गाड्यांकडे राहील. लाल त्रिकोण डिकीत सीलबंद आहे, तो फोडू नका. गाडी विकताना 'वापरलेलाच नाही' म्हणून दाखवता येतो. त्याऐवजी एखादी फांदी मोडून गाडीच्या मागे खोचा. गाडी घरंगळू नये म्हणून चाकाला दगड लावायचा तर लावा, पण निघताना तो दगड उचलून कडेला टाकायचा नाही. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यासाठी काहीतरी ठेवून जायची आपली रीत आहे.

आता जॅक. पुस्तक म्हणतं, चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच प्रत्येक नट अर्धा वेढा सैल करा आणि मगच गाडी उचला. यात काही थरार नाही. आधी गाडी उचला, मग पान्हा लावून गदागदा ओढा. चाक फिरतं, गाडी जॅकवर डुलते, आतून आई विचारते, "अरे, आम्ही उतरायचं का?" तुम्ही म्हणा, "बसा हो, दोन मिनिटं." जॅक लावायला दरवाजाच्या खाली दोन खाचा केलेल्या असतात, त्या शोधत बसू नका. पत्रा आत गेला की जागा चुकली हे आपोआप कळतं.

स्टेपनी चढवली की खरी परीक्षा. नट बोटांनी चार वेढे फिरवून बसवावा असं काही घाबरट लोक सांगतात, कारण तो तिरका गेला तर आटे खातो. तुम्ही पहिल्यापासूनच पान्हा घ्या. जड जायला लागला म्हणजे नट चांगला बसतोय असं समजा. क्रमही ठरलेला आहे: आरती ओवाळतो तसं, शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. पुस्तकातला क्रम वेगळा: चार नट असतील तर समोरासमोरचे आणि पाच असतील तर शाळेत पेन्सिल न उचलता चांदणी काढायचो त्या क्रमानं, एका दमात नाही तर दोन-तीन फेऱ्यांत, हा प्रकार चाक हबवर, म्हणजे ते ज्या गोल चकतीवर बसतं तिच्यावर, सगळीकडून सारखं बसावं म्हणून आहे. एका बाजूनं आवळत गेलं की चाक किंचित तिरकं दाबलं जातं, इतकंच. किंचितच.

आणि आता या लेखाचा गाभा, म्हणजे जोर किती लावायचा?

या बाबतीत कंपनीवाले फार कंजूष. छोट्या-मध्यम गाड्यांना ते साधारण 85 ते 125 न्यूटन मीटर (पिळण्याचा जोर मोजायचं माप) एवढंच मागतात. गाडीसोबतचा एल आकाराचा पान्हा समजा 25 सेंटिमीटरचा आहे. त्याच्या टोकावर 40 किलोच्या आसपास भार दिला की झाले 100 न्यूटन मीटर. चाळीस किलो! एवढं तर लग्नाचं घर आवरताना आपण तांदळाचं पोतं सरकवतो. म्हणून पान्ह्यावर उभं राहायचं. तुमचं वजन 80 किलो असेल तर नुसतं उभं राहून 196 होतात, म्हणजे दुपटीला टेकले. वर दोन उड्या मारा. शेजारी उभा असलेला कोणीतरी "अजून एक हिसका द्या" म्हणेलच, त्याला नाराज करू नका. लोखंडी पाइप मिळाला तर पान्ह्याच्या दांड्यावर चढवा, मग हिशोबच नको.

काही शिकलेले लोक इथं आडवे येतात. ते म्हणतात, चाक नटांवर लटकलेलं नसतं. नट आवळला की स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा, रबरासारखा केसभर ताणला जातो, तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो आणि त्या दाबातून येणारं घर्षण गाडी पेलतं. स्टड प्रमाणाबाहेर ताणला की तो परत आखडत नाही, धरायची ताकदच जाते. शिवाय तुमच्या जोरातला जवळपास 90 टक्के भाग आटे आणि नटाची बैठक यांच्या घर्षणातच जातो, ताण द्यायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. त्यामुळे आट्यांना तेल लावलं की तेवढ्याच जोरात ताण भलताच वाढतो. हे ऐकून घ्या, मान डोलवा आणि तेलाची बाटली पुढे करा. तेल लावल्याशिवाय आपल्याकडे ना दाराची कडी चालते ना डोकं.

टॉर्क रेंच नावाचा एक पान्हा मिळतो, ठरलेला आकडा आला की तो 'टक' असा आवाज करून थांबायला सांगतो. माणसानं केव्हा थांबायचं हे पान्ह्यानं सांगायचं? तो घेऊ नका. तेवढ्या पैशात चार सीट कव्हरं येतात.

पंक्चरवाल्याकडे गेलात तर काळजीच नाही. त्याच्याकडे हवेवरची गन असते. ट्र्र्र्र, ट्र्र्र्र, चार नट सहा सेकंदांत. "साहेब, आता हत्ती लटकवा." त्या गनमधून किती जोर गेला हे ती गन, कॉम्प्रेसर आणि देव यांनाच ठाऊक. पुढच्या वेळी भर उन्हात तुमची बायको एकटीच असेल आणि नट जागचा हलणार नाही, तेव्हा तिला हत्तीची आठवण करून द्या. फॉर्म्युला वनवाले गन वापरतातच की! 2023 मध्ये कतारला मॅक्लॅरेन संघाच्या माणसांनी चारही चाकं 1.80 सेकंदांत बदलली. त्यांना प्रत्येक चाकाला एकच नट, हे मात्र कोणाला सांगू नका. 2018 मध्ये मेलबर्नला हास संघाच्या दोन गाड्या चौथ्या-पाचव्या नंबरवर पळत असताना चाकं बदलायला पिटमध्ये आल्या आणि नट नीट न बसल्यामुळे एकीमागून एक बंद पडल्या, हेही नको. आणि 2021 मध्ये मोनॅकोला बोटास या ड्रायव्हरच्या मर्सिडीजचा नट गननं असा खाल्ला की ते चाक गाडी इंग्लंडातल्या कारखान्यात नेल्यावरच निघालं, हे तर मुळीच नको.

चाक बदलल्यावर 50 ते 100 किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा तपासावेत, असंही म्हणतात. चाक आणि हबच्या मधली धूळ, गंज, रंग दबून बसतो आणि तेवढा ताण कमी होतो म्हणे. मी स्वतः हा सल्ला पाळलेला नाही, आणि बघा, लिहितोय.

चार वर्षांपूर्वी टायर बदलून साताऱ्याहून पुण्याला येत होतो. खंबाटकीच्या आधी डाव्या बाजूनं टक-टक सुरू झाली. मी रस्त्याला शिव्या दिल्या. मग स्टीअरिंग थरथरायला लागलं, मी बॅलन्सिंगवाल्याला शिव्या दिल्या. शेजारी बसलेला मेहुणा म्हणाला, "दाजी, थांबून बघायचं का?" त्याला मी काच वर करायला सांगितली, आवाज कमी झाला. पण चहाला थांबलो तेव्हा तो उतरून वाकला आणि चाकाची प्लास्टिकची टोपी त्यानं ओढून काढली. एका नटाच्या भोवती गंजाची तांबूस ओघळ आली होती, चाकाच्या कडेपर्यंत. दोन नट त्यानं बोटांनी फिरवले. हो, बोटांनी. आणि चौथ्याच्या जागी नुसता स्टड, त्याचे आटे घासून चांदीसारखे चकाकत होते. नट टोपीच्या आत पडला होता, तोच टक-टक करत होता. मी मेहुण्याला म्हटलं, "बघ, टोपी होती म्हणून सापडला."

चहावाल्याकडून पान्हा मागितला, त्यावर उभा राहिलो, दोन उड्या मारल्या.

तेव्हापासून मी नियम सोडलेला नाही. खंडेनवमीला जॅक आणि पान्हा पाटावर ठेवतो, हळदकुंकू, झेंडूचं फूल, पेढा. दसऱ्याला गाडीला हार, चारही चाकांखाली लिंबू. यंदा लिंबू ठेवायला वाकलो तर पार्किंगच्या फरशीवर एक नट पडलेला दिसला. जड, निमुळत्या तोंडाचा, छान घासलेला. पुसून देवघरात पान्ह्याच्या शेजारी ठेवलाय. आमच्याच गाडीचा आहे की वरच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या, ते दिवाळीनंतर बघू.