दोन वॅट खरे, बाकी भोंगा

बेळगाव-निपाणीकडच्या आमच्या गाणं ऐकणाऱ्या मंडळींत सध्या एक मजकूर फिरतोय: ‘देवळाचा जुना भोंगा भंगारातून उचला, दोन वॅटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर जोडा. विकृती शून्य, आजची कुठलीही सिस्टीम फिकी.’

(व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीची, बल्बासारखी काचेची नळी; विकृती म्हणजे मूळ आवाजात होणारी भेसळ.)

दोन वॅटचं खरं आहे. हसू नका. घरातला साधा स्पीकर एका वॅटला, एक मीटरवर ८८ डेसिबलच्या आसपास वाजतो. थिएटरचा मोठा हॉर्न, म्हणजे तोंडाकडे पसरत जाणारा स्पीकर, १०४ पर्यंत जातो. दर तीन डेसिबलला ताकद दुप्पट लागते, म्हणजे सोळा डेसिबलला चाळीसपट. साध्या स्पीकरला जिथं ऐंशी वॅट लागतात, तिथं हॉर्नचं दोनात भागतं. १९३८ सालचा ३००-बी व्हॉल्व्ह तर एकटा आठेक वॅट देतो.

पण देवळाचा भोंगा म्हणजे थिएटरचा हॉर्न नव्हे, सगळी गल्लत इथंच आहे. तो शब्द लांब पोचवायला केलेला. मीही शहापुरात एक घेतला, हौस! त्यावर कुमार गंधर्व लावले (जन्म सुळेभावीचा, म्हणजे आपलेच की). तंबोऱ्याची जवारी (तारांचा झणझणाट) डासासारखी कानाशी आली, पण खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, गायब. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) तंबोऱ्याचा खर्ज सत्तर हर्ट्झच्या आसपास, त्याची लहर पाच मीटर लांब. ती नीट पेलायला हॉर्नचं तोंड दीड मीटर रुंद हवं. माझ्या भोंग्याचं दीड फूट. म्हणूनच अमेरिकेत १९४० च्या दशकात स्पीकर बनवणाऱ्या पॉल क्लिप्श यांनी खोलीच्या कोपऱ्यातल्या भिंतीच हॉर्नच्या कामाला लावल्या.

विकृती शून्य? छे! एकाच व्हॉल्व्हवर चालणारा एकेरी अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण ताकदीवर काही टक्के विकृती सहज देतो. ती मुख्यतः वरच्या सप्तकातल्या त्याच सुराची असते, म्हणून कानाला गोड लागते. हॉर्नवर मात्र अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक वेळ वॅटच्या अंशावरच चालतो, तिथं ती खरंच कमी असते. श्रेय द्यायचं तर याला द्या.

आणि मजकुरात नसलेली गोष्ट: व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट डीसी खेळत असतो. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) तो साठून राहू शकतो. लाईट गेली म्हणून झाकण उघडून बोट घालायचं नाही. आधी प्लग काढा, कपॅसिटर रेझिस्टरमधून (वीज अडवणाऱ्या भागातून) रिकामे करा, आणि व्होल्टमीटर शून्याजवळ येईपर्यंत हात खिशात.