सेन्सर 'बोगस' म्हणणाऱ्या रिव्ह्यूला आमच्या मेडिकलकडून उत्तर

नमस्कार दादा. तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलाय, द्या, एवढे पैसे गेल्यावर माणूस चिडणारच. पण तुम्ही लिहिलंय ते वाचून उद्या अजून कोणी तसंच करायला जाईल म्हणून जरा मोठं लिहिते, वाचा.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की 74 वर्षांच्या वडिलांसाठी दंडावर लावायचा 14 दिवसांचा शुगर सेन्सर आमच्याकडून नेला, पहिल्याच दिवशी सेन्सरवर 168 आणि त्याच वेळी बोटातून 212 आली, एका रात्री तीन वाजता 58 म्हणून अलार्म वाजून अख्खं घर उठलं आणि सकाळी ग्लुकोमीटरवर बघितलं तर 118, रविवारी मिसळ खाल्ल्यावर चार तास शुगर खालीच येईना, ॲपने 61 टक्के दाखवून 'बाबांना नापास केलं', आणि नवव्या दिवशी सेन्सर गळून पडला तरी आम्ही पैसे परत दिले नाहीत. आणि मध्येच एक ओळ आहे, की त्या 58 ची धास्ती घेऊन तुम्ही काकांची रात्रीची गोळीच बंद केली.

बाकी सगळं नंतर. गोळीचं आधी. आजच डॉक्टरांना फोन करा आणि सांगा की गोळी बंद केलीय. कुठली गोळी ते मी इथे सगळ्यांसमोर लिहिणार नाही, पण एवढं सांगते की शुगरच्या काही गोळ्यांनी रात्री शुगर खरंच खाली जाऊ शकते आणि काहींनी सहसा जात नाही, त्यामुळे 58 खरं होतं की खोटं हे डॉक्टरांनी ग्राफ बघून ठरवायचं, ते तुम्हीही ठरवायचं नाही आणि मेडिकलवालीनेही नाही. कदाचित ते डोस कमी करतीलही. पण मशीन बोगस आहे असंही म्हणायचं आणि त्याच मशीनच्या आकड्यावर गोळीही बंद करायची, हे मला काही कळलं नाही.

आता ते 58. सेन्सर ज्या दंडावर आहे त्याच कुशीवर माणूस झोपला की तिथली कातडी दाबली जाते आणि आकडा खोटाच खाली येतो. ग्राफवर हे ओळखू येतं बऱ्याचदा, रेघ एकदम खड्ड्यात पडते आणि कूस बदलली की लगेच वर येते. तुमच्या वेळी तसंच झालं असेल असं मी छातीठोक सांगत नाही, कारण तीनला खरी 58 असून सकाळी सातला 118 येणंही शक्य आहे, शरीर स्वतः साखर सोडतं. म्हणून अलार्म वाजला की तेव्हाच उठवून, हात धुऊन बोटातून बघायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही. खरंच 70 च्या खाली असेल आणि माणूस नीट शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून द्यायची आणि 15 मिनिटांनी परत बघायचं. घाम सुटलाय, हात थरथरताहेत आणि मीटर हाताशी नाही तर मीटर शोधत बसू नका, आधी साखर द्या. पेढा नको, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-तेलाने साखर चढायला उशीर लागतो. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना.

168 आणि 212 चं सांगते. सेन्सर रक्तातली शुगर मोजतच नाही. तो कातडीखाली पेशींच्या आजूबाजूला असलेल्या पाण्यातली मोजतो, आणि रक्तात झालेला बदल तिथे पोचायला साधारण पाच ते पंधरा मिनिटं जातात. आपल्या नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको, गंगापूर धरणातून पाणी सोडलं म्हणजे त्याच मिनिटाला दुतोंड्या मारुतीपाशी पाणी चढत नाही. तुम्ही बघितलंत जेवणानंतर, म्हणजे शुगर चढत असताना, तेव्हा बोटातली जास्त आणि सेन्सरची कमी येणारच, आणि उतरत असताना बरोबर उलटं. शिवाय पहिला दिवस. सेन्सर नवीन लावल्यावर पहिले 24 तास आकडे जरा इकडेतिकडे असतात. आणि ग्लुकोमीटर म्हणजे देवाची वाणी असं समजू नका, त्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातच 100 च्या वर 15 टक्के फरक चालतो, म्हणजे खरी शुगर 200 असली तर मीटरने 170 दाखवलं काय आणि 230 दाखवलं काय, दोन्ही पास.

अजून एक, सीझन द्राक्षांचा आहे म्हणून विचारते. बोट टोचायच्या आधी काकांनी द्राक्षं हाताळली होती का? फळाचा रस बोटाला राहिला तर मीटर वाट्टेल तेवढी जास्त दाखवतं, आणि नुसत्या स्पिरिटच्या कापसाने पुसून ते नीट जात नाही, साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात. इथे घराघरात पेट्या पडलेल्या असतात, त्यामुळे हे मी रोज कोणाला ना कोणाला सांगते. आणि सर्दीसाठी म्हणून ती चघळायची सी व्हिटॅमिनची गोळी खात असतील तर तेही सांगा, दिवसाला 500 मिलिग्रॅमच्या वर गेलं की काही सेन्सर खोटी जास्त शुगर दाखवतात.

मिसळीच्या बाबतीत मात्र मी सेन्सरच्या बाजूने आहे. त्याने बरोब्बर तेच दाखवलं जे बोटातल्या टेस्टला कधी दिसलं नसतं. पाव, फरसाण, मटकी, वर तर्री, आणि तुम्हीच लिहिलंय की शेवटी जिलबीही झाली. तेलाने पोट हळू रिकामं होतं, म्हणून शुगर सावकाश चढते आणि तासन् तास वर बसून राहते. दोन तासांनी एकदा बोट टोचलं असतं तर तुम्हाला एक आकडा दिसला असता, पुढचं काहीच कळलं नसतं. हेच तर बघायला पैसे दिलेत ना! काकांनी मिसळ सोडावी असं मी म्हणणार नाही (आमच्याकडे रविवारी तेच असतं), पण एक पाव कमी, जिलबी रद्द, आणि खाऊन झाल्यावर अर्धा तास चालणं, मग त्या दिवशीचा ग्राफ आणि मागच्या रविवारचा ग्राफ शेजारी ठेवून बघा. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी, म्हणजे एचबीएवनसी, 7 आली म्हणजे सरासरी 154 च्या आसपास, पण त्या सरासरीत 60 पण लपतात आणि 280 पण लपतात.

आणि 61 टक्के म्हणजे नापास नाही हो. दिवसातला किती वेळ शुगर 70 ते 180 मध्ये होती त्याचा तो हिशोब आहे. शुगरच्या साधारण पेशंटला 70 टक्क्यांच्या वर ठेवा म्हणतात, पण वय झालेल्या, बाकी दुखणी असलेल्या माणसाला 50 च्या वर असलं तरी चालतं, त्यांच्यात शुगर 70 च्या खाली जाणं जास्त धोक्याचं. काकांचं टार्गेट काय ते डॉक्टर सांगतील.

गळून पडण्याचं. पाण्याला चालतो हे मी सांगितलं होतं, आणि एक मीटर खोल, अर्धा तास, हेही सांगितलं होतं, खोक्यातल्या कागदावरही आहे. काका रोज तरणतलावावर तासभर पोहतात हे मला तुमच्या रिव्ह्यूमधून कळलं. दंडाला तेल लावून मालिश करत असतील तरी चिकटपणा जातो. पुढच्या वेळी वरून लावायची वेगळी पट्टी मिळते, ती लावू.

पैशांचं स्पष्टच बोलते. उघडलेला सेन्सर मला परत घेता येत नाही, ती सुई एकदाच वापरायची असते, बिलावर लिहिलेलं आहे आणि माझं मत बदलणार नाही. पण आधी पडला तर कंपनीच्या हेल्पलाइनला तक्रार करता येते, त्यांना सिरीयल नंबर लागतो आणि कधी कधी पडलेला सेन्सरही मागतात. तुम्ही तो कचऱ्यात टाकला म्हणताय. खोकं तरी असेल तर त्यावर नंबर आहे, घेऊन या, दुकानातूनच फोन लावू. बदलून मिळेलच असं वचन मी देत नाही.

'यांना फक्त विकायचंय' असंही लिहिलंय तुम्ही. विकायचं तर आहेच, दुकान आहे. पण बारा महिने लावत बसा असं मी कुणालाही सांगत नाही. इन्सुलिनवाल्यांचं वेगळं, बाकी बऱ्याच जणांना मध्येमध्ये 14 दिवस लावून, काय खाल्लं काय नाही लिहून ठेवून, तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवला तरी पुष्कळ होतं.

दुपारी दीड ते चार सोडून कधीही या, काकांनाही आणा. नऊ दिवसांचा डेटा फोनमध्ये आहे, ॲप काढून टाकू नका, त्याची पीडीएफ काढून देते डॉक्टरांसाठी, त्याचे पैसे नाहीत. आणि घरचं ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपची डबी पण आणा, डबीवरची तारीख मला बघायचीय.