शून्याकडून हातचा कसा घ्यायचा?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकाने मला विचारलं, "ताई, तुम्ही त्या मिशनच्या शाळेत शिकवायला जाता म्हणे. तिथं पोरं बाटवतात ना?" खाली लगेच सहा अंगठे. तेव्हापासून डोकं तापलंय.

बँकेतून निवृत्त झाले आणि गेली दोन वर्षं दर शनिवारी मी तिथे गणित शिकवते. एक ख्रिस्ती ट्रस्ट देणग्यांवर शाळा चालवतो, फी घेत नाही. बरीचशी मुलं ऊसतोड कामगारांची. पाचवीतली एक पोर पहिल्याच महिन्यात वहीचं मागचं पान उघडून समोर उभी राहिली. वर १,००,०००, खाली ६२,४००. आईबापाने मुकादमाकडून घेतलेली उचल आणि हंगामभर ऊस तोडून फिटलेली रक्कम. म्हणाली, "बाई, शून्याकडं काहीच नाही, मग हातचा कुणाकडून घ्यायचा?" म्हटलं, शेजारच्या घराकडून. "तिथंबी शून्यच हाय की."

अंगठे दाखवणाऱ्यांनो, या पोरीचं तुम्ही कधी काही विचारलंत? दिवाळीच्या सुमारास नवरा-बायको मिळून एक कोयता गाव सोडतो, तो उन्हाळ्यातच परततो. पोरं मागोमाग फडावर जातात, शाळा सुटते ती सुटतेच. वर्षानुवर्षं हे आपल्याच नगर-बीडमध्ये चाललंय. त्यावर ग्रुपवर एक ओळ नाही!

होय, सकाळी प्रार्थना होते, येशूचं नाव घेतात. कुठे कुणी आमिष दाखवलंही असेल, ते चूकच. पण दोन वर्षांत मी तिथे फळा पाहिला, गरम जेवण पाहिलं आणि बोर्डिंगमधल्या खाटा पाहिल्या. ज्या जोतिरावांच्या जयंतीला तुम्ही फोटो टाकता, ते पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४८ साली त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तर आपल्या नगरलाच अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्याकडे शिकवण्याचे धडे घ्यायला आल्या होत्या. त्यांनाही विचारणार का हाच प्रश्न?

जाऊ दे. लिहिता लिहिता राग उतरला, ती वहीच डोळ्यांपुढे येतेय.

शून्य, शून्य करत ती पार डावीकडच्या एकापर्यंत गेली आणि तिथून हातचा ओढत परत आली. उत्तर ३७,६००. बोटं मोजून पुन्हा करून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मुकादम चव्वेचाळीस हजार राहिलेत म्हनत हुता." पालकसभेला बाप आला तेव्हा तिने तेच पान दाखवलं. त्याला वाचता येत नाही. त्याने आकड्यांवरून अंगठा फिरवला, पान अलगद फाडलं, घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं आणि बटण लावलं.

यंदा आईबाप फडावर जातील, ती बोर्डिंगमध्ये राहणार आहे. सिस्टरांनी खिडकीजवळची खाट दिलीय. भागाकार राहिलाय तिचा. शनिवारी पहिल्या एसटीने निघतेय, कुणाला यायचं असेल तर स्टँडवर भेटा.