बोलणे घरी येते, मग शाळेत ते कशाला शिकवायचे?

शाळा सुरू होण्याच्या सुमारास बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पालकांच्या मोबाईलवर एक सल्ला हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: बोलणे मुलांना आपोआप येते, म्हणून पहिलीत त्यावर वेळ न दवडता मुळाक्षरे पाठ करून घ्यावीत, मराठी आणि कन्नड एकदम शिकवल्यास मूल गोंधळते, घरची बोली वर्गात चालू देऊ नये, आणि या साऱ्यातून सुटायचे तर पहिलीपासून इंग्रजी माध्यम घ्यावे.

बोलणे आपोआप येते, हे अर्धेच खरे आहे. घरातले बोलणे समोरच्या प्रसंगावर उभे असते. ‘ते तिकडचं आण की’ एवढे म्हटले तरी भागते, कारण ऐकणाऱ्याला ‘ते’ही दिसते आणि ‘तिकडे’ही. पुस्तकात हा आधार नसतो. कर्नाटकी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, मातीचे बैल कसे केले, हे ज्या बाईंनी ते पाहिलेले नाही त्यांना पहिलीतले मूल क्रमाने सांगू लागते, तेव्हा माती कुठली, आधी काय, मग काय, शिंगे का मोडली, हे सारे त्याला शब्दांतच मांडावे लागते आणि हीच वाचनाची खरी पूर्वतयारी असते. बाईंनी त्यातली चार वाक्ये फळ्यावर लिहिली की वर्गाचा पहिला पाठ तयार होतो. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडले की समजून वाचणे हा लिपी उलगडण्याचा आणि भाषा समजण्याचा गुणाकार आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्यच येते. कन्नड न समजणारे मूल बसची पाटी आणि कन्नड धडा खडखडीत वाचते आणि पालक खूश होतात, तेव्हा हा गुणाकार आठवावा.

मुळाक्षरे हवीतच, वाद क्रमाचा आहे. ३४ व्यंजनांची बाराखडी म्हणजे ४०८ आकार. ते सगळे पाठ होईपर्यंत मुलाने एकही अर्थपूर्ण शब्द वाचायचा नाही, असा हा आग्रह आहे. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या कामात अक्षरे आणि काही स्वरचिन्हे छोट्या गटांनी शिकवून लगेच त्यांचे शब्द वाचायला-लिहायला देण्याची पद्धत रुजली. तिथे ‘ज्ञ’पर्यंत थांबावे लागत नाही.

गोंधळाचा मुद्दा सीमाभागात विशेष पोकळ आहे. देवनागरी आणि कन्नड लिप्यांचे वळण वेगळे असले तरी वर्णांचा क्रम आणि व्यंजनाला स्वरचिन्ह जोडण्याची युक्ती एकच आहे, त्यामुळे एका लिपीत ती उमगलेल्या मुलाला दुसरीत ती नव्याने शोधावी लागत नाही. अडते ते ठरावीक ठिकाणी: कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’, ‘ओ’ यांना वेगळी अक्षरे आहेत, जोडाक्षरात तिथे दुसरे व्यंजन खाली जाते, तर आपल्याकडे बहुधा पहिले अर्धे होते, आणि मराठीत ‘चहा’ व ‘चाक’ यांचा ‘च’ एकच लिहून दोन प्रकारे उच्चारला जातो. शिक्षकाने ही ठिकाणे नेमकी दाखवावीत. एक लिपी बऱ्यापैकी बसल्यावर दुसरीचे लेखन सुरू करावे, हे मान्य. पण दुसऱ्या भाषेतली गाणी, गोष्टी आणि बोलणे तोवर थांबवण्याचे कारण नाही.

बोलीबद्दल थोडक्यात. ‘मी खेळालोय’ म्हणणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी ‘खेळतोय म्हण’ असे टोकले, तर ते पुढचे वाक्य बोलतच नाही. दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी लिहावीत. शुद्धतेच्या अशा आग्रहींच्या स्वयंपाकघरातले ‘तूप’ही कन्नडशी नाते सांगणारे आहे, हे जाता जाता.

राहिले इंग्रजी माध्यम. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाचा हवाला दिला जातो. त्या निकालाने सरकारला प्राथमिक शाळेत मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करता येणार नाही असे ठरवले. कोणत्या माध्यमात मूल अधिक चांगले शिकते, हा निवाडा तो नव्हे. उलट भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय व्हावी, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०-अ सांगतो. इंग्रजी जरूर शिकवावी, पहिलीपासून बोलूनही घ्यावी. मात्र गणित आणि परिसर अभ्यास ज्या भाषेत समजतात, ती भाषा त्यासाठी काढून घेऊ नये.

ज्यांना शंका असेल त्यांनी घरी एक करून पाहावे: मुलाने धडा मोठ्याने वाचला की पुस्तक मिटावे आणि त्यात काय झाले, ते त्याला हव्या त्या भाषेत सांगायला लावावे.