मणक्याचं ऑपरेशन ‘फसतं’ म्हणजे नक्की काय होतं?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात एक मेसेज उगवतो: "मणक्याचं ऑपरेशन कधीच करू नका. दहातल्या नऊ जणांचं फसतं. पाय लुळे पडतात. एकदा केलं की दर चार-पाच वर्षांनी पुन्हा करावंच लागतं. सरकलेली गादी मालीशने जागेवर बसते." या वेळी तो आतेभावाने, म्हणजे दादाने टाकला. आत्यालाच डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ते ‘दहातले नऊ’ आणि ‘पुन्हा करावंच लागतं’. अमेरिकेतल्या ‘स्पोर्ट’ या मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांवर आठ वर्षं लक्ष ठेवलं होतं. गादी (दोन मणक्यांमधली चकती) सरकलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के लोकांना पुन्हा टेबलावर जावं लागलं, नसांचा मार्ग अरुंद झालेल्यांपैकी सुमारे १८ टक्क्यांना. हे आकडे लहान नाहीत, आणि ते आधीच सांगणं हे सर्जनचं काम आहे. पण ‘करावंच लागतं’ कुठे आणि साधारण सहातला एक कुठे! पुन्हा ऑपरेशन लागलं म्हणजे पहिल्या डॉक्टरने घोळ घातला, असंही नाही. गादीचा नसेवर दाबणारा तेवढाच तुकडा काढतात, उरलेली गादी आत राहते आणि तिच्या कडेची चीर पूर्वीसारखी मजबूत होत नाही. तिथूनच कधीकधी पुन्हा तुकडा बाहेर येतो.

पाय लुळे पडण्याची भीती सगळ्यांत जुनी. मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. बहुतेक ऑपरेशनं होतात चौथ्या-पाचव्याजवळ, जिथे फक्त नसांचा झुबका असतो. एखादी नस दुखावून पाऊल लुळं पडू शकतं, पण दोन्ही पाय जाणं फार विरळ. मानेच्या ऑपरेशनचा हिशोब वेगळा. उलट लघवी अडली, बसायच्या जागेची संवेदना गेली आणि तरीही मालीश करत बसलं, तर कायमचं नुकसान होतं. तेव्हा त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं असतं.

मालीशने गादी ‘बसत’ नाही, कारण ती कपाटातल्या खणासारखी सरकलेलीच नसते. बाहेर आलेला तुकडा बऱ्याचदा शरीरच हळूहळू शोषून घेतं, आणि श्रेय तेलाला मिळतं. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या (नस दबून कंबरेतून पायात जाणाऱ्या कळेच्या) २८३ रुग्णांचे दोन गट केले होते: लवकर ऑपरेशन, किंवा आधी थांबून पाहणं. लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मात्र अखेर ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे घाई करू नका, इतपत मेसेजचं बरोबर आहे.

आता त्यातलं खरं. ऑपरेशन नीट होऊनही काहींचं दुखणं राहतं, आणि माझ्या मते बरीच मोठी चूक ऑपरेशन थिएटरच्या बाहेर झालेली असते. एमआरआय काढला, "मणक्यात गॅप आलाय" असं कुणीतरी म्हटलं आणि तारीख ठरली! काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांच्या एमआरआयमध्येही ३७ टक्क्यांत गादीची झीज दिसते, ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांत. झीज खरी, पण दुखण्याचं मूळ तीच कशावरून? कधी मूळ खुब्याच्या सांध्यात असतं. शिवाय नस मोकळी केल्याने पायातली कळ जाते, नुसती कंबरदुखी जाईलच असं नाही. कंबरेसाठी आलेल्या माणसाला हे कुणी सांगितलं नसेल, तर त्याच्या लेखी ऑपरेशन फसलंच.

स्क्रूंचंही तसंच. काही ऑपरेशनांत दोन मणके एकमेकांना जुळवतात; ते हाडाने जुळेपर्यंत स्क्रू फक्त आधार देतात. हाड जुळलंच नाही तर स्क्रू सैल होतात. ठिसूळ हाडं आणि तंबाखू ही त्याची ठळक कारणं. सिगारेटबद्दलचा पुरावा भक्कम आहे, आणि आत्याच्या मिश्रीतही तेच निकोटिन आहे. जुळलेल्या मणक्यांच्या शेजारच्या गादीवरही पुढे ताण वाढतो. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड, कारण जुन्या व्रणाच्या चिकट ऊतींतून वाट काढावी लागते. पुन्हा आलेला तुकडा किंवा न जुळलेलं हाड असं ठोस कारण सापडलं तर ते करण्यात अर्थ आहे, नुसतं "अजून दुखतंय" म्हणून नाही.

आत्या दोन गल्ल्या चालली की तिचे पाय भरून येतात, भाजीच्या गाडीवर रेलली की हलके होतात. हा नसांचा मार्ग अरुंद झाल्याचा नमुना आहे. म्हणून दादा, डॉक्टरांना एवढंच विचार: ऑपरेशन पायांसाठी की कंबरेसाठी? स्क्रू टाकणार असाल, तर का? स्वीडनमधल्या २०१६च्या अभ्यासात याच आजारात नुसता दाब काढलेल्यांपेक्षा मणके जुळवलेले रुग्ण दोन वर्षांनी जास्त बरे नव्हते. आणि मिश्रीची डबी तू लपव, मी लपवली तर मला ओरडते.