रायबंदरचा रस्ता रुंद करायचा म्हणे!

सर्वेश पणजीहून फोंड्याला कामाला जातो, आणि संध्याकाळी येताना पणजीजवळच्या रायबंदरात अडकला की त्या दिवशी खाण्याच्या गाड्यावर दुसरा विषयच निघत नाही. परवा पणजीतल्या आमच्या मळा भागात आम्ही सगळे नेहमीसारखे जमलो, रस ऑम्लेटची प्लेट अजून हातात आली नव्हती तोवर हा सुरू. "पणजीच्या पाटोपासून रायबंदरपर्यंत सरळ फोर लेन करून टाका रे, एक बस स्टॉपला थांबली की मागे सगळं जाम, राजधानीत शिरायचा रस्ता असा असतो?"

दामू म्हणाला, "मेरशीहून कदंब पठारावरनं बायपास काढलाय तो मग कोणासाठी?" तर सर्वेश म्हणे बायपासने आलो तरी मेरशीच्या जंक्शनला उभं राहायचंच आहे, त्यापेक्षा नदीकाठचा रस्ता सरळ पाटोला येतो. आता हे त्याचं खरंच आहे, रोज गाडी चालवणाऱ्या माणसाला पाच-दहा मिनिटांचं मोल असतं.

पण फोर लेन म्हटल्यावर बाबलकाका पेटले. काकांनी उभी हयात कदंबची, म्हणजे सरकारी, बस चालवली, आणि बायपास नव्हता तेव्हा बेळगावहून अनमोड घाट उतरून फोंडा, बाणस्तारी, जुने गोवे करत येणारी सगळी वाहतूक याच रस्त्याने पणजीत शिरायची, ट्रक सुद्धा. काका अजून त्या हायवेला जुन्या नंबराने फोर ए च म्हणतात, नवीन नंबर 748 त्यांच्या तोंडात बसत नाही. "तू रस्ता रस्ता म्हणतोस तो पूल आहे बाबा," काका म्हणाले, "1633-34 मध्ये बांधलेला. लिन्हारेसचा काउंट पोर्तुगिजांचा व्हाइसरॉय होता, त्याच्या नावाने पोंते दे लिन्हारेस. तीन किलोमीटरच्या वर लांबी आहे त्याची, जांभ्या दगडाचा, आणि खाली कमानी आहेत. तू वरून गाडी मारतोस म्हणून तुला दिसत नाहीत."

सर्वेशला खरंच माहीत नव्हतं. पणजीच्या निम्म्या लोकांना माहीत नसेल, कारण वरून जाताना दोन्ही बाजूला खारफुटी आणि मधे डांबर, पूल असल्यासारखं काहीच वाटत नाही. मला या रस्त्याचं सगळ्यात भारी वाटतं ते हे की तो बांधला तेव्हा राजधानी जुने गोवे होती, पणजीत आदिलशहाचा वाडा आणि थोडीफार वस्ती, आणि मधे भरतीला पाण्याखाली जाणारी दलदल. म्हणजे राजधानीतून एका बारक्या गावाकडे जाण्यासाठी एवढा खटाटोप केला. पुढे साथींनी जुने गोवे ओस पडत गेलं, 1759 मध्ये व्हाइसरॉय पणजीच्या वाड्यात राहायला आला, 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली, आणि तिकडच्या पडक्या इमारतींचे दगड सुद्धा इकडे बांधकामाला आले. ज्या गावाला रस्ता नेला तेच गाव राजधानी होऊन बसलं आणि रस्ता तोच राहिला.

सर्वेश म्हणाला, "ते सगळं ठीक आहे रे, पण चारशे वर्षांपूर्वी बैलगाड्या होत्या, आता माझी गाडी आहे, इतिहास सांगून ट्रॅफिक सुटतं का?"

त्यावर काकांनी एकच आठवण काढली. 5 जुलै 1986, मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तो दिवस. सत्तरच्या आसपास झालेला पूल, पंधरा-सोळा वर्षांत गेला, आणि मग पणजी-बेती फेरीबोटीला ज्या रांगा लागायच्या त्या त्यांनी उभं राहून बघितल्यात. नंतर तिथे दोन पूल झाले, 2019 ला वर अटल सेतू चढला, पाच किलोमीटरच्या वर. "आणि हा जांभ्याचा अजून उभा आहे, त्यावरनं मी भरलेली बस नेलीय," काका म्हणाले आणि चहाकडे वळले.

मी म्हटलं, सर्वेश, इतिहास बाजूला ठेव, आपण मळ्याचं बोलू. जोराचा पाऊस आणि वर भरती आली की आपल्या गल्लीत पाणी का तुंबतं, तर ओरेंच्या खाडीतलं पाणी नदीत जायला मागत नाही म्हणून. हे सगळं सखल आहे, खाजन म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेतं, मिठागरं, खारफुटी. भरतीचं पाणी कमानींखालून आत येतं, पसरतं, ओहोटीला परत जातं, म्हणून तर तो जुना पूल इतकी वर्षं टिकला, त्याने पाणी अडवलंच नाही. ओहोटीला कधी गाडी बाजूला लावून खाली वाकून बघ, दगडांना कालवांची कवचं चिकटलेली असतात, चिखलात बगळे चालत असतात, आणि कमानीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या पिशव्या आणि नारळाच्या सोडणांचा ढीग अडकलेला असतो. तू फोर लेन करणार म्हणजे कुठे करणार, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला खारफुटीत मातीचा भराव. ती सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्रात येते ते वेगळंच, पण भरावाने जागा खाल्ली की पाणी कुठे जाणार ते सांग.

दामूने मग जो मुद्दा काढला तो माझ्यापेक्षा भारी होता. म्हणाला, समजा पूल केला रुंद, पुढे रायबंदर गावाचं काय करणार? तिथे घरांचे सोपे रस्त्यावर उघडतात, म्हातारी माणसं बसलेली असतात, चोडणच्या फेरीची रांग वेगळी, दिवाडीची वेगळी. चार लेनमधनं सुसाट यायचं आणि गावात शिरताना एका लेनमध्ये घुसायचं, म्हणजे जाम तेवढाच, फक्त जागा बदलली. का घरं पाडायची?

घरं पाडा असं सर्वेश म्हणाला नाही, म्हणणारही नाही, त्याची आजी रायबंदरची. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "मग मला संध्याकाळी सात नंतर फोंड्याहून धड बस द्या, मी गाडी काढणारच नाही." यावर मात्र कोणाचंच दुमत नव्हतं, काकांचं तर मुळीच नाही. आमचं ठरलं ते असं की ज्याला लांब जायचं आहे त्याची गाडी बायपासला वळवा, अवजड वाहन तर त्या जुन्या पुलावर नकोच, आणि नदीकाठचा रस्ता बस, स्कूटर, सायकल आणि गावच्या लोकांना ठेवा. आणि पावसाच्या आधी दर वर्षी कमानी साफ करा, हे मी वर जोडलं, कारण रुंदीकरणाची चर्चा सगळे करतात, त्या कमानींखालचा कचरा काढा असं कोणी बोलत नाही.