टिटवीची चार अंडी आणि चार महिने पाऊस

शेतातल्या ढेकळांत टिटवीची चार अंडी, आणि फोटोखाली मजकूर: ‘चार अंडी म्हणजे चारही महिने दमदार पाऊस. उंचावर घातली तर अतिवृष्टी.’ मे महिना लागला की हा मेसेज ग्रुपांवर फिरू लागतो.

टिटवी एका वेळी बहुधा चारच अंडी घालते, कधी तीन. दुष्काळी वर्षातही तेच. तिच्या भाऊबंदांपैकी बऱ्याच पाणपक्ष्यांत हाच आकडा दिसतो. अंड्याचं एक टोक निमुळतं असतं. चारही टोकं आत वळवून ठेवली की ती आईच्या पोटाखाली नेमकी मावतात. तेव्हा आकडा पावसाचा नाही, पोटाखालच्या जागेचा आहे.

उंचीचंही तसंच. तिचं घरटं म्हणजे जमिनीत उकरलेला उथळ खळगा, भोवती खडे, वाळक्या लेंड्या. बांध, खडीचा ढीग, शहरात तर खडी पसरलेली गच्चीही तिला चालते. अंडी मातकट, काळ्या ठिपक्यांची. त्यामुळे दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. मार्च ते ऑगस्ट हा तिचा विणीचा मुख्य हंगाम, म्हणजे बरीच अंडी पावसाचा पत्ता नसतानाच घातली जातात. ऊन तापलं की ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. हे खरं तर फॉरवर्ड करण्याजोगं!

आभाळ कोसळू नये म्हणून ती पाय वर करून झोपते, हीसुद्धा दंतकथाच. टिटवी जमिनीवर बसून किंवा उभ्यानेच विसावते.